वीतभर अंतर

आमच्या घरात मोबाइल आला आणि वडिलांच्या छातीत पेसमेकर बसला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण एकाच मांडवातून घरात आलेल्या दोन सुनांसारखं त्यांचं जमवून देण्याचं काम आमच्यावर पडलं, आणि ते आम्हाला बरेच दिवस जमलं नाही.

मोबाइल माझा. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मशीनवर तयार झालेले सुटे भाग मोजायचे, ड्रॉइंगवरच्या मापात बसतात का बघायचं, बसत नसतील तर लाल रंगाचा ठिपका देऊन वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाकडे माल अडकला की त्यांना मी लगेच हवा असायचो, म्हणून कंपनीने फोन दिला. तेव्हाच्या सगळ्यांसारखा मी तो शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू लागलो. त्या काळात मोबाइलवाला माणूस लांबूनच ओळखू यायचा. त्याचा शर्ट डावीकडे ओढल्यासारखा झालेला असे.

पेसमेकर वडिलांचा. त्यांना आम्ही घरातले सगळे दादा म्हणत असू. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी स्विचयार्डात, म्हणजे तयार झालेली वीज जिथून मोठ्या तारांवर चढून बाहेर पडते त्या उघड्या आवारात गेलेली. एके सकाळी नाशिकरोडच्या भाजीबाजारात ते आईच्या शेजारी उभे होते. आई मेथीच्या जुड्या बघत होती. दादा आधी खाली बसले आणि मग आडवे झाले. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मनगट धरलं आणि रिक्षा येईपर्यंत नाडी शोधत राहिली. ती सापडली नाही. ठोके फार मंद पडले होते, बंद झाले नव्हते, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. पण आई ती सकाळ सांगताना कायम "नाडी लागतच नव्हती" असंच सांगायची. पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर एवढं लक्षात ठेवायला हवं.

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीहून थोडं लहान असं यंत्र बसवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी दादांना समोर बसवून सूचना दिल्या. वेल्डिंग चालू असेल तिथे रेंगाळायचं नाही. मोठ्या जनरेटरजवळ, स्विचयार्डात जायचं नाही. मोबाइल वापरला तर उजव्या कानाला लावायचा आणि डाव्या खिशात ठेवायचा नाही. "यंत्रापासून वीतभर लांब राहिला की झालं," असं म्हणून त्यांनी स्वतःचा पंजा पसरून दाखवला.

दादांनी एकच गोष्ट विचारली. दसऱ्याला केंद्रात यंत्रांची पूजा असते आणि निवृत्त माणसांना त्या दिवशी आत सोडतात, तेवढ्यापुरतं जाता येईल का. डॉक्टर नाही म्हणाले. दादांनी मान हलवली. ते त्यांना जड गेलं असेल, पण त्यात नवं काही नव्हतं. स्विचयार्डात कोणत्या तारेपासून किती लांब राहायचं हे ठरलेलं असतं, आणि त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ते पाळलं होतं. अंतर पाळा म्हटल्यावर का असं विचारायची त्यांना सवयच नव्हती.

आईने ऐकलं ते वेगळ्या बाजूने. तिचं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या मळ्यातलं. देवासमोर जाताना कमरेचा चामड्याचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवायचं, घटाच्या दिवसांत कुणाचाही हात घटाला लागू द्यायचा नाही, हे तिने लहानपणापासून पाळलेलं. मोबाइल तिने त्याच रांगेत नेऊन बसवला. दादा घरी आले त्या संध्याकाळी तिने मामाकडची फुलं तोडायची वेताची परडी दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवली आणि मला म्हणाली, "तुझं ते खेळणं हिच्यात ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा."

मी तिला डॉक्टरांचं वाक्य पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "वीत त्याच्या हाताची. जीव ह्यांचा."

तसं मलाही वीत हे माप फारसं पसंत नव्हतं. मी घरी पट्टीने बघितलं. माझी वीत दादांच्या वितीपेक्षा बोटभर मोठी भरली, आणि डॉक्टरांचा हात तर मला लहानखुरा वाटला होता. आमच्या कामात मोजणाऱ्या साधनाची खात्री नसली की आपण मर्यादा थोडी आत घेतो. त्या हिशेबाने मी वीतभराचा एक मीटर केला, आणि दादांच्या गॅलरीतल्या खुर्चीभोवती फरशीवर लाल चिकटपट्टीची चौकट मारली. कुणी चुकून फोन घेऊन आत आलंच तर निदान या चौकटीच्या बाहेर राहावं, असा विचार. आईने ती चौकट बघितली आणि म्हणाली, "तू एक म्हणतोस म्हणजे दोन असणार." त्यानंतर परडी कायमची झाली. डॉक्टरांच्या आकड्यात मी माझी भर घातली, माझ्या आकड्यात आईने तिची.

माझी बायको या सगळ्याकडे स्वयंपाकघरातून बघत होती. ती एवढंच म्हणाली की तुम्ही दोघं मिळून दादांना शोकेसमध्ये ठेवणार आहात.

दादांच्या संध्याकाळी पत्त्यांच्या असायच्या. निवृत्त झाल्यापासून आमच्या गॅलरीत मेंढीकोटचा डाव पडे. चौघांचा खेळ, समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. त्यात दश्शीला मेंढी म्हणतात, आणि ज्या बाजूकडे मेंढ्या जास्त ती जिंकते. दादांच्या समोर त्यांचे स्विचयार्डातले जोडीदार बसत. दुसऱ्या बाजूला एक जण कोळसा उतरवायच्या विभागातले आणि एक हिशेब विभागातले. गॅलरीतून पूर्वेला केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. धुराचा रंग बघून आज कुठला संच बंद आहे यावर डावाच्या आधी वाद व्हायचा. आई दोन वेळा चहा द्यायची आणि जाता-येता कुणाच्या हातात कोणती पानं आहेत ते बघून ठेवायची. सांगायची मात्र कधी नाही.

परडी आली तेव्हा चौघांपैकी कोळसावाल्यांकडे आणि हिशेबवाल्यांकडे मोबाइल होते. पहिल्या दिवशी त्यांनी थट्टेवर नेलं. कोळसावाले म्हणाले, "वहिनी, आम्ही उद्यापासून चपला खिशात घालतो आणि मोबाइल पायात घालून येतो."

"या की," आई म्हणाली. "पाय तेवढे बाहेर ठेवा."

पण परडीतला फोन वाजायचा. तो कुणाचा हे आतून कळायचं नाही, कारण त्या वर्षी सगळ्यांची रिंग एकच होती. दोघेही पानं पालथी ठेवून उठत, बाहेर जात आणि ज्याचा नसेल तो परत येई. कोळसावाल्यांनी जावयाच्या धंद्यात लक्ष घातलं होतं, त्यांचे फोन लांबत. डाव मोडायचा. मग ते वर न येता खालूनच फाटकापाशी उभं राहून हाक मारू लागले. दादा गॅलरीतून बोलत. दोन मिनिटं बोलणं व्हायचं आणि ते पुढे जायचे. हिशेबवाले मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यात परडीचा काही दोष नव्हता, पण जाण्याआधीचा महिनाभर ते आलेच नव्हते.

उरले जोडीदार. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून ते बिनधास्त लाल चौकटीच्या आत बसत. दोघेच असल्यामुळे मेंढीकोट बंद पडलं आणि रमी सुरू झाली. दिवाळीत त्यांच्या मुलाने त्यांना फोन घेऊन दिला. घरी ठेवावा तर मुलगा रागावतो, परडीत ठेवावा तर आई बघेल आणि दुसऱ्या दिवसापासून आपणही बाहेरचे होऊ, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तो पँटच्या खिशात आवाज कमी करून ठेवला. आवाज नीट कमी झाला नव्हता. डाव रंगात असताना तो त्यांच्या मांडीपाशी वाजू लागला, आणि आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

ती ओरडली नाही. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, तुम्ही पण?"

जोडीदार उठून उभे राहिले. फोन हातात घेऊन तो बंद करायचं बटण शोधू लागले. सापडेना. तसेच वाजता फोन घेऊन ते जिना उतरून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला. दादांनी पानं गोळा करून डबीत भरली. नंतर जोडीदार आमच्याकडे आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना दादा मला म्हणाले, "काल तो फोन वाजला ना, तेव्हा इथे काहीतरी सरकलं." त्यांनी गळपट्टीच्या हाडाखाली बोट ठेवलं. त्याआधी त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं, किंवा जाणवलं असेल तर बोलले नव्हते. तिथून पुढे जाणवतच गेलं. बसमध्ये शेजारच्याने फोन काढला की डोकं जड व्हायचं. देवळाच्या रांगेत खांद्याला मुंग्या यायच्या. झोप तुटक झाली. देवळाली कॅम्पाहून माझी ताई भेटायला आली तेव्हा तिने रिक्षातच फोनची बॅटरी काढून एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बॅटरी अशी धरली होती. दादांनी विचारलं, "आता दोन्ही एकाच पिशवीत आहेत का?" ती म्हणाली नाहीत. तरी ते तिच्यापासून लांबच बसले.

मी कुणाला खोटं पाडण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना जे वाटायचं ते वाटायचंच. चेहऱ्यावर दिसायचं. मी फक्त एवढं बघितलं होतं की माझा फोन दिवसभर बंद पडून असे तेव्हाही त्यांना कधी जाणवायचं, आणि चालू असताना कधी जाणवायचं नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्याला त्रास होतो त्याच्यासमोर असला तक्ता मांडणं मला बरं वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला. कॉलनीत जे बोलणं व्हायचं ते झालं. चिमण्या गेल्या त्या यामुळेच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं डोकं दुखतं ते यामुळेच. कुणी कुठल्या गावात काय झालं ते सांगत होतं, आणि ते गाव प्रत्येक वेळी वेगळं असे. आई या गप्पांत बसली नाही. तिने गॅलरीच्या दाराला जाड चादर लावली आणि दादांची कॉट मागच्या खोलीत हलवायला लावली. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी. चिमण्या, वीजकेंद्राच्या, तिथून दिसत नव्हत्या. लाल चौकट गॅलरीत तशीच राहिली, आत खुर्ची नसलेली.

दर सहा महिन्यांनी करायची तपासणी आली. डॉक्टरांकडे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येई. दादांच्या छातीवर गोल चकतीसारखं काहीतरी ठेवलं की यंत्राने मधल्या काळात काय काय केलं ते पडद्यावर दिसे. त्यात एकदाही अडथळा नोंदलेला नव्हता. ठोके ठरल्याप्रमाणे, बॅटरी ठरल्याप्रमाणे. हे चालू असतानाच टेबलावरचा डॉक्टरांचा स्वतःचा मोबाइल वाजला आणि आई खुर्चीवरून उठली. डॉक्टरांनी तो न उचलता बंद केला.

"आजी, मी वीतभर म्हणालो होतो ना?"

"म्हणालात. पण ह्यांना त्रास होतो तो वीत विचारून होत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दादांना विचारलं की झोप कशी आहे, आणि मग विचारलं की दिवसभर काय करता. "पेपर वाचतो," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, पेपर वाचायला किती वेळ लागतो, आणि नंतर? आई म्हणाली की आराम करतात. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली की मशीनला काय कळतं, मशीनच्या आत थोडीच कुणी जाऊन बघितलंय.

त्या दिवशी कामावर गेलो तर आमच्या विभागातला नवीन मुलगा काळजीपोटी मापं फार कडक लावून बसला होता. संध्याकाळी लाल ट्रे उपसला तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त माल चांगला निघाला. असं होतं. वाईट तुकडा पुढे गेला तर बोभाटा होतो, चांगला बाद झाला तर कुणाला कळतही नाही. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगता? आईंना सांगा." मी सांगितलं नाही, कारण आईने बाजारात दादांचं मनगट धरलं होतं आणि मी तेव्हा अंबडला होतो.

माझी मुलगी त्या वर्षी इंजिनीअरिंगला पुण्याला होती. घरच्या साध्या फोनची केबल रस्ता खोदताना तुटली होती आणि ती कधी जोडली जाईल हे कुणीच सांगत नव्हतं. त्यामुळे ती रविवारी सकाळी माझ्या मोबाइलवर फोन करी, आणि तेवढ्यापुरता आईने फोनला उंबरा ओलांडू दिला होता. आधी तिची आई बोले, मग मी, मग आजी. आजोबांशी बोलायची वेळ आली की जे होई ते असं. दादा मागच्या खोलीत कॉटवर बसलेले. आई मधल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभी, फोन तिच्या कानाला. मुलगी विचारी ते आई मोठ्याने आत सांगे, आणि आतून दादा म्हणत ते फोनमध्ये सांगे. पण आईला निरोप्याचं काम नुसतं निरोप्यासारखं करता येत नसे.

"झोप लागते का विचारतेय."

"लागते म्हणावं."

"नाय लागत गं," आई फोनमध्ये सांगे. "पहाटेपासून उठून बसतात."

दादांचं म्हणणं मुलीपर्यंत कधीच जसंच्या तसं पोचलं नाही, आणि तिचंही त्यांच्यापर्यंत नाही. तरी दर रविवारी फोनची वेळ झाली की दादा धुतलेला शर्ट घालून कॉटच्या कडेला येऊन बसत. आठवड्यात त्यांच्याशी बोलायला बाहेरून येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं, तेही आईच्या तोंडून.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आई फोन कानाला लावून गप्पच उभी राहिली. मग आत बघून म्हणाली, "बोलत नाय काही. रडतेय वाटतं."

मी पेपर ठेवून फोन घेतला. पलीकडून मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला नाही. आजोबांना द्या." मी विचारलं काय झालं. ती म्हणाली काही नाही, आजोबांना द्या. आईने फोन परत घेतला आणि म्हणाली, मला सांग बाई, मी सांगते त्यांना. पलीकडून काय आलं ते आम्हाला आईच्या चेहऱ्यावरून कळलं. आजीलाही नाही.

दादा कॉटवरून उठले. मधल्या खोलीच्या दारात आले. आई मागे सरकून भिंतीला लागली, फोन धरलेला हात तिने मागे नेला. दादांनी डाव्या हाताचा अंगठा गळपट्टीच्या हाडाखालच्या उंचवट्यावर ठेवला आणि पंजा उजवीकडे पसरला. करंगळी उजव्या खांद्यापाशी गेली. तिथून कान अजून लांब होता.

"अहो," आई म्हणाली.

"मोजलंय," दादा म्हणाले. "दे."

तिने लगेच दिला नाही. ते हात पुढे करून उभे राहिले. मी मध्ये पडलो नाही, बायकोही स्वयंपाकघराच्या दारात थांबली. शेवटी आईने फोन दिला, पण दिल्या हाताने त्यांचं डावं मनगट धरलं. तीन बोटं नाडीवर ठेवून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दादांनी फोन उजव्या कानाला लावला. मोबाइलवर बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज मोठा लागला.

"हं, बोल. मीच आहे." मग बराच वेळ ते ऐकत होते. "किती? ... दोनच ना. ... मग? ... नाही, तो काही म्हणत नाही, त्याला मी सांगतो. तू जेवलीस का? ... आधी जेव."

असं आणखी थोडा वेळ चाललं. आईचे ओठ हलत होते. ती ठोके मोजत होती, पण तिला पुढे आकडे सुचत नसावेत, कारण ती परत परत एकपासून सुरू करत होती. दादांनी फोन खाली घेतला, तो बंद कसा करायचा हे न कळल्यामुळे माझ्याकडे दिला. आईने मनगट सोडलं नाही.

"लागतेय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"मग? लागणारच," दादा म्हणाले. "चहा टाक."

चहा झाल्यावर त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिचे दोन विषय राहिले होते आणि ते मला सांगायची तिची हिंमत होत नव्हती. दादा म्हणाले, "परत बसेल. तू आत्ता काही बोलू नकोस." मी विचारलं कोणते दोन विषय, आणि किती मार्कांनी गेले. ते म्हणाले, "ते मी विचारलं नाही."

त्या दिवशी त्यांना छातीत काही सरकलं का, हे मी दुपारी विचारलं. ते म्हणाले की लक्षात नाही, ती रडत होती. नंतरही त्यांना अधूनमधून जाणवायचं, खांद्याला मुंग्या यायच्या. ते सगळं एका फोनने गेलं असं झालं नाही. पण संध्याकाळी त्यांनी गॅलरीच्या दारावरची चादर स्वतः काढली, घडी घालून आईच्या हातात दिली, आणि खुर्ची उचलून आपल्या जुन्या जागी ठेवली. समोर टॉवर होता आणि त्याच्या उजव्या बाजूने चिमण्या दिसत होत्या. एकीतून धूर येत नव्हता. "तीन नंबर बंद आहे," ते म्हणाले. मग मला म्हणाले की जोडीदाराकडे जा आणि सांग की पानं काढलीत. कोळसावाल्यालाही सांग.

जोडीदार घरात शिरण्याआधी जिन्यात थांबले होते. मी वर आलो तरी ते खाली. मग आले. दाराशी त्यांनी खिशातून फोन काढून परडीत ठेवला आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, "या भावजी. त्या दिवशीचा चहा राहिलाय तुमचा." कोळसावाले मागून आले, त्यांनीही फोन परडीत टाकला आणि म्हणाले की वहिनी, पावती मिळेल का.

तिघं झाले. मेंढीकोटला चौथा हवा. हिशेबवाले पुण्यात. मला पत्ते येत नाहीत, आणि दादांनी मला विचारलंही नाही. त्यांनी आईकडे बघून समोरच्या जागेकडे बोट केलं. जोडीदार समजून बाजूला सरकले आणि कोळसावाल्यांच्या समोर जाऊन बसले.

"मला कुठं येतं?" आई म्हणाली.

"दहा वर्षं सगळ्यांची पानं बघतेस," दादा म्हणाले. "बस."

ती पदर खोचून बसली. तिच्या हातात पानं नीट उघडत नव्हती, एक सारखं खाली पडत होतं. पण हुकूम कोणता करायचा ते तिला बरोबर कळलं. तिसऱ्या हाताला बाहेर परडीत फोन वाजला. चौघांचीही मान दाराकडे वळली. कुणी उठलं नाही.

"कुणाचा?" आईने विचारलं.

"माझा असेल," जोडीदार म्हणाले. "वाजू द्या."

तो वाजत राहिला. आईने एकदा दादांकडे पाहिलं, त्यांच्या छातीकडे नाही, तोंडाकडे. ते हातातली पानं लावत होते.

"जा, घ्या," ती जोडीदारांना म्हणाली. "पोराचा असेल. आणि इथंच येऊन बोला, पण ह्यांच्या उजव्या अंगानं."

जोडीदार फोन घेऊन आले आणि लाल चौकटीच्या कडेला उजव्या बाजूला उभं राहून मुलाशी बोलले. दुधाची पिशवी आणायची का, एवढंच तो विचारत होता. तोवर दादांनी इकडे आईला उतारी करायला सांगितलं. तिने विचार करून दश्शी टाकली.

"अगं, मेंढी अशी फुकट घालवतात का?" दादा म्हणाले.

"घालवली," आई म्हणाली. "पुढचं पान टाका."